पन्नास वर्षांचा वायदा

लालबाग-परळच्या जुन्या लोकांच्या तोंडी 'गॅस कंपनी' हा पत्ता अजून आहे. "गॅस कंपनीपाशी उतरा" म्हटले की त्यांना बरोबर कळते. तिथे आता ना गॅस आहे, ना कंपनी. पण नाव मागे राहिले, आणि आम्हा इतिहासाच्या शिक्षकांना तेवढे धागे पुरतात.

१८६२ साली 'बॉम्बे गॅस कंपनी' स्थापन झाली आणि १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. दिवे लावणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जाई आणि त्याच्यामागून बघ्यांची गर्दी चाले, असे वर्णन आहे. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवायचा, त्यातून निघणारा गॅस धुऊन मोठ्या टाक्यांत साठवायचा आणि जमिनीखालच्या बिडाच्या नळांतून गावभर फिरवायचा. शाळेच्या पुस्तकात मुंबईचा हा काळ एका ओळीत संपतो : 'गॅसचे दिवे आले, ट्राम आली.' दिवे दिसतात म्हणून पुस्तकात येतात. नळ मातीखाली असतात, त्यांचा इतिहास कोण लिहिणार?

गेली काही वर्षे आमच्या डोंबिवलीत घरोघर नळाचा गॅस येतो आहे. ठाण्यात तो आमच्या आधी आला. प्रत्येक सोसायटीच्या सभेत कुणीतरी विचारतेच, "हा पाइप प्लास्टिकचा आहे म्हणे, टिकणार किती?" आणि ठरलेले उत्तर येते, "पन्नास वर्षे." सभा समाधानाने पुढच्या विषयाकडे, म्हणजे पार्किंगकडे वळते. माझे मात्र तिथेच अडले. पन्नास वर्षे हा आकडा कुणी आणि कसा काढला? बिडाचा नळ तर शंभर वर्षेही टिकला होता. मग आपण खाली आलो की वर गेलो?

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. नळाच्या आयुष्याची कथा ही बहुतेक वेळा सांध्याची कथा असते.

बिडाचे नळ एकात एक बसवत. एका नळाचे तोंड फुगीर, दुसऱ्याचे सरळ. मधल्या फटीत तागाची किंवा अंबाडीची सुतळी ठासायची आणि वरून शिसे वितळवून ओतायचे, अशी त्या काळची सर्वत्र रूढ पद्धत. ती उत्तम चालली, कारण कोळशाच्या गॅसमध्ये ओल असे आणि त्या ओलीने सुतळी फुगलेली राही. पुढे १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत ब्रिटनने कोळशाचा गॅस सोडून समुद्रातला नैसर्गिक गॅस घेतला. हा गॅस कोरडा. सुतळी वाळली, आकसली आणि सांधे झिरपू लागले. नळ तोच, माती तीच. आत वाहणारी वस्तू बदलली आणि शंभर वर्षांचा सांधा म्हातारा झाला! बीड ठिसूळही असते, जमीन हलली की तडकते. स्फोट झाले, माणसे गेली. शेवटी २००२ पासून तिथे इमारतींच्या तीस मीटरच्या आतले लोखंडी नळ तीस वर्षांत बाद करायचे असा कार्यक्रम हाती घेतला गेला. त्यांच्या जागी जातो तो प्लास्टिकचा पाइप. कित्येक ठिकाणी तर जुन्या लोखंडी नळाच्या पोटातूनच नवा पाइप ओवतात.

आपल्याकडे मधला टप्पा वेगळा गेला. माझ्या आईच्या संसारात कोळशाची शेगडी होती, मग पंपाचा स्टोव्ह आला, मग वातींचा. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून मी पाढे पाठ केलेले आहेत. 'बर्शेन'चा सिलिंडर ज्यांच्याकडे असे ती घरे वेगळीच वाटत. नंतर गॅसचा 'नंबर लागणे' हा घरातला मंगल प्रसंग झाला. नळाने गॅस ही कल्पना मुंबईकर जवळजवळ विसरले होते. १९७४ साली 'बॉम्बे हाय'मध्ये तेल सापडले, त्याच्याबरोबरचा गॅस उरणला किनाऱ्यावर आला, आणि १९९५ साली 'महानगर गॅस' ही कंपनी स्थापन झाली. गेल आणि ब्रिटिश गॅस हे तिचे भागीदार. (ब्रिटिश गॅसचा वाटा पुढे शेलकडे गेला आणि शेलनेही २०१९ पर्यंत तो विकून टाकला.) म्हणजे लोखंडी नळांचे दुखणे ज्यांनी घरी सोसले होते, त्याच लोकांचा हात इथल्या कामाला लागला. नव्या जाळ्यात मोठ्या दाबाचा गॅस पोलादी नळातून वडाळा, महापे, तळोजा, अंबरनाथ अशा ठिकाणच्या केंद्रांवर येतो, पुढे दाब कमी होतो आणि गल्लीबोळांत तो पिवळ्या किंवा नारिंगी प्लास्टिकच्या पाइपातून फिरतो.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिथिन. हो, भाजीच्या पिशवीचे भावंडच. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत भलताच प्रयोग चालू असताना भांड्यात पांढरा मेणासारखा पदार्थ जमला, तो हा. युद्धात रडारच्या तारांवर त्याचे वेष्टण चढले. १९५३ साली जर्मनीत कार्ल झिगलर यांनी कमी दाबाखाली अधिक घट्ट पॉलिथिन बनवण्याची युक्ती शोधली, त्याबद्दल दहा वर्षांनी नोबेल मिळाले. अमेरिकेतल्या फिलिप्स कंपनीनेही त्याच सुमारास आपली वेगळी रीत काढली. तिचा सुरुवातीचा माल इतका कमीजास्त प्रतीचा निघे की गिऱ्हाईक मिळेना. १९५८ साली 'हुला हूप'ची लाट आली आणि मुलांनी कमरेभोवती फिरवायच्या त्या कड्यांनी गोदामे रिकामी केली! ज्या वस्तूवर आपण आज स्वयंपाकघर सोपवतो, तिचे बालपण हे असे.

पॉलिथिनचा मोठा गुण म्हणजे ते गंजत नाही. आपल्या कोकणपट्टीत चार महिने जमीन चिंब असते, तिथे या गुणाला सोन्याचे मोल. पोलाद गंजले की काय होते ते २७ जून २०१४ रोजी आंध्रातल्या नगरम गावाने पाहिले. गंजलेल्या नळातून गॅस पहाटे गावभर पसरला आणि वीसहून अधिक माणसे होरपळून गेली. शिवाय लहान व्यासाचे प्लास्टिकचे पाइप वेटोळ्यात येतात, त्यामुळे सांधे कमी. आणि जे सांधे लागतात ते वितळवून एकजीव करता येतात. सुतळी नाही, शिसे नाही, रबर नाही. पाइप आणि सांधा एकाच पदार्थाचा.

आता पन्नास वर्षांचा हिशेब. प्लास्टिकची नवी जात निघाली की तिच्यासाठी पन्नास वर्षे कोण थांबणार? (जर्मनीत हेक्स्ट कंपनीने १९५०च्या दशकात दाब देऊन ठेवलेले काही पाइप पन्नास वर्षे ओलांडून टिकले, पण ती जुनी जात.) म्हणून पाइपाचे तुकडे ८० अंशांच्या गरम पाण्यात वेगवेगळ्या दाबांखाली ठेवतात. उष्णतेने म्हातारपण लवकर येते. कुठला तुकडा किती तासांनी फुटला हे आलेखावर मांडतात, रेघ पुढे ओढतात आणि २० अंशांना पन्नास वर्षांनी किती ताण सोसेल ते ठरवतात. जो पदार्थ दर चौरस सेंटिमीटरला साधारण ८० किलो सोसेल तो 'पीई ८०', जो १०० सोसेल तो 'पीई १००'. पन्नास वर्षे ही मोजणीची खूण आहे. त्या दिवशी पाइप मरेल असे नाही, आणि त्या दिवसापर्यंत जगेलच असेही नाही.

थोडे गणित करून पाहू, घाबरू नका. गल्लीतल्या पाइपात दाब फार तर ४ बार, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ किलो. पाइपाची भिंत व्यासाच्या एक अकरांश जाड धरली तर भिंतीवरचा ताण दाबाच्या पाचपट, म्हणजे २० किलो. सोसण्याची ताकद ८०. चारपट मोकळीक. मग हे पाइप फुटतात तरी का?

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावात १७ ऑक्टोबर १९९४ रोजी एक इमारत गॅसच्या स्फोटाने उडाली. सहा माणसे गेली. कारण ठरला १९७१ साली पुरलेला अर्ध्या इंचाचा प्लास्टिकचा पाइप. तेवीस वर्षांत तो फुगला नव्हता, ताणला नव्हता. मुख्य पाइपाला जिथे जोडला होता तिथे तो वाकलेला राहिला होता आणि त्या बाकाशी काचेला जाते तशी बारीक भेग गेली होती. चार वर्षांनी तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने एक अहवाल काढला. त्याचे सार असे की १९६० ते १९८०च्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच प्लास्टिक पाइपांची ताकद हिशेबात जास्त धरली गेली होती. पदार्थ लवचिक आहे, ठेचले वाकवले तरी सावरून घेईल, असा सगळ्यांचा समज होता. पण पॉलिथिन म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. कमी पण सततच्या ताणाखाली तो गुंता हळूहळू सुटत जातो आणि भेग वर्षाला केसाएवढी पुढे सरकते. दाबाने होत नाही ते काम एखादा टोकदार दगड, एखादा बाक, एखादी ओरखड करते. पीई ८० आणि पीई १०० या सुधारलेल्या जाती नेमका हाच दोष कमी करण्यासाठी आल्या, आणि त्या खरोखर पुष्कळ चांगल्या आहेत.

तरी दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. २४ मार्च २०२३, पेनसिल्व्हेनिया, वेस्ट रीडिंग. चॉकलेटच्या कारखान्यात स्फोट होऊन सात कामगार गेले. गॅसचा सांधा १९८२ सालचा, जुन्या जातीचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्याऐवजी नवा बसवला होता, पण जुना गॅसला जोडलेलाच राहिला. त्याच्याजवळून कारखान्याची वाफेची नळी गेली होती. ती तडकली, माती तापली आणि उष्णतेने तो सांधा झिजला. आलेखावरची रेघ २० अंशांची होती, मातीला ते कुणी सांगितले नव्हते. शेजारी वाफ आहे हे गॅसवाल्यांना ठाऊक नव्हते.

इथे मला आमची डोंबिवली आठवते. आपल्याकडे जमीन २० अंशांवर बसून राहत नाही, कोकणात वर्षाची सरासरीच २७ च्या आसपास. रेघ वाचताना तेवढी ताकद कमी धरावी लागते. चारपट मोकळिकीत ते बसते, हे मान्य. पण शेजाराचे काय? २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत जे स्फोट झाले त्यांचा गॅसच्या नळाशी संबंध नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये मात्र तिथला एक रस्ता रसायनाने गुलाबी झाला होता, सगळ्यांनी फोटो पाहिले. पॉलिथिनला पाणी, मीठ, गंज यांचे काही वाटत नाही. पेट्रोल, टर्पेंटाइन अशा द्रावकांनी मात्र ते फुगते, मऊ पडते, आणि त्यांचा अंश मुरलेल्या पाइपावर सांधाही नीट बसत नाही. कुठल्या मातीत काय मुरले आहे याची नोंद असलेली बरी.

आता सांध्याकडे. आमच्या गल्लीत काम चालू होते तेव्हा मी रोज संध्याकाळी फेरीला निघाले की चराच्या कडेला उभी राहायची. मुरबाडकडचा एक मुलगा सांधे जोडत असे. पाइपाचे टोक सरळ कापायचा. मग एका हत्याराने वरचा पापुद्रा खरवडून काढायचा, कांद्याच्या सालीसारखी पिवळी साल निघायची. हवेने आणि उन्हाने पृष्ठभागावर जो थर बसतो तो काढला नाही तर खालचे प्लास्टिक एकजीव होत नाही. मग पुसणे, खूण करणे आणि दोन्ही टोके 'कपलर'मध्ये सरकवून शिकंज्यात पक्की धरणे. कपलरच्या आतल्या भिंतीत तार गुंडाळलेली असते, तिच्यातून वीज सोडली की आतले प्लास्टिक वितळते. किती सेकंद सोडायची ते कपलरवरच्या पट्ट्या वाचून यंत्रच ठरवते. आमच्या शेजारच्या नानांनी खरवडलेल्या भागावर कौतुकाने बोट टेकवले.

"आजोबा, हात नका लावू. तेल लागतं बोटाचं."

आणि त्याने पुन्हा खरवडले. नाना ओशाळले.

यंत्र थांबल्यावर मी विचारले, "झालं का?"

"नाही आजी. आता हे थंड होईतो शिकंजा काढायचा नाही. लोक इथंच घाई करतात."

निवल्यावर त्याने मार्करने पाइपावर तारीख आणि आपला क्रमांक लिहिला. अक्षर वळणदार होते. मी तसे सांगितलेही (सवय जात नाही).

त्याचे ते 'घाई करतात' मला पुढे नीट कळले. बदलापूरला माझ्या भाचीच्या सोसायटीने स्वतःच्या टाकीपासून इमारतीपर्यंत पाण्याचा काळा पॉलिथिनचा पाइप टाकून घेतला. जोडणी हीच. जूनचा पहिला आठवडा, भुरभूर चालू, ठेकेदाराच्या माणसांना चर बुजवायची घाई. शिकंजा नव्हताच, एकाने पाइप हाताने धरला होता. दाब देऊन पाहिले, थेंब गळला नाही. चौदा महिन्यांनी तिथे पाणी वर आले. खणले तर कपलर बाटलीच्या झाकणासारखा अलगद निघाला. आतून गुळगुळीत. दोन पृष्ठभाग वर्षभर नुसते एकमेकांना टेकून बसले होते, जोडले कधीच गेले नव्हते.

पाणी होते म्हणून चिखलावर निभावले.

असा सांधा पहिल्या दिवसाच्या परीक्षेत पास होतो. बाहेरून पाहून चांगला सांधा आणि टेकलेला सांधा यांत फरक दिसत नाही. खात्री करायची तर कापून, सोलून पाहावे लागते आणि मग तो सांधा उरत नाही. आतून पाहायच्या काही रीती निघाल्या आहेत, पण रस्त्यावर भरवसा आहे तो यंत्रातल्या नोंदीवर आणि खरवडणाऱ्या हातावर. यंत्र वीज बरोबर गेली एवढे सांगू शकते, साल काढली होती का हे त्याला ठाऊक नसते. आणि आपल्याकडे रस्ते खोदायची मुदत पावसाळ्याच्या तोंडावर संपते. म्हणजे ज्या कामाला कोरडेपणा, स्वच्छता आणि सबुरी लागते, ते मेअखेरीस सर्वांत जास्त घाईत होते. यात एका कुणाचा दोष नाही, वेळापत्रकाचा आहे, आणि वेळापत्रक बदलता येते.

बरे, सांधा नीट झाला, पाइप मीटरभर खोल गेला, वर इशाऱ्याची पट्टीही अंथरली. मग जेसीबी येतो! ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४, भिवंडी-कल्याणकडे मेट्रो ५, आमच्याकडे काँक्रीटचे रस्ते, केबल, मलवाहिनी. प्लास्टिक धातू नसल्यामुळे साध्या शोधयंत्राला सापडत नाही. पाइप तुटला तर निदान लगेच कळते, वास येतो, धावपळ होते. मला भीती वाटते ती नुसती ओरखड गेलेल्या पाइपाची. खोदणारा पाहतो, गॅस तर येत नाही, माती ढकलून मोकळा होतो. वॉटर्लूच्या त्या बाकासारखे काहीतरी तिथून सुरू होते. वरून काँक्रीट पडले की पुढे झिरपणाऱ्या गॅसला वर यायला वाट नाही. तो आडवा सरकतो, गटारात, जोत्यात. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप काढले, खोदण्याआधी खाली काय आहे ते विचारा म्हणून. कल्पना चांगली. पण कोपऱ्यावर रात्री अकराला खोदणारा मुकादम ते उघडत असेल का?

मुंबईतले पहिले पिवळे पाइप तिशीला आले आहेत. त्यांची पन्नाशी २०४५ नंतर भरू लागेल, ठाण्या-डोंबिवलीची त्याच्याही पुढे. तेव्हा कुणाला तरी ठरवावे लागेल की कुठला पाइप ठेवायचा, कुठला काढायचा. अमेरिकेतल्या कंपन्यांना जुने पाइप शोधताना सर्वांत जास्त त्रास झाला तो याचाच, की कुठल्या रस्त्याखाली कुठल्या सालचा आणि कुठल्या कारखान्याचा माल आहे हे कागदावर नव्हते. त्या मुलाने मार्करने लिहिलेला क्रमांक कंपनीच्या दफ्तरात असेलच. मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मागे लागून फाटकापासून जिन्यापर्यंत पाइप कुठून गेला आहे, सांधे कुठे आहेत, कुठल्या तारखेचे आहेत, याचा नकाशा काढून घेतला. चर उघडा असताना टाकलेले फोटोही आहेत, शेजारी पट्टी धरून. ते लॅमिनेट करून कन्व्हेयन्स डीडच्या फाइलीत, पहिल्याच पानाला लावले आहेत. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, हे कोण बघणार?" मी म्हटले, "तुमच्यानंतरचा सेक्रेटरी." शेजारच्या दोन इमारतींनी आता नकाशाचा नमुना मागून नेला आहे. चर अजून उघडा आहे तोवर फोटो काढा, एवढे त्यांना बजावले आहे.